बॅच पूर्ण दिसली पाहिजे

तार, पक्कड, टेस्टर. इलेक्ट्रिशियनचा कोर्स शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से साठायचं खरं तर काही कारण नाही. पण गरीब मुलामुलींसाठी सरकारी खर्चाने चालणाऱ्या ट्रेनिंग सेंटरवर मी चार वर्षं काढलीत, आणि आता जेवताना बायको आधीच सांगते, "आज काय झालं ते सांगू नका, घास उतरत नाही." म्हणून तुम्हाला सांगतोय.

आमचं सेंटर नाशकातच. माझ्या पहिल्या बॅचला सहा आठवडे वीज नव्हती. इलेक्ट्रिशियनचा कोर्स आणि मीटरच बसलेला नाही! मी खडूने सर्किट काढायचो आणि खडूनेच बल्ब पेटवायचो. शेवटी इगतपुरीची सुरेखा उठली. "सर, शॉकपण तोंडीच लागणार का?"

वर्ग हसला. मी तणतणत सेंटरहेडकडे गेलो. ते म्हणाले, "थिअरी पक्की होतेय ना? मग झालं तर!"

शेजारच्या वर्गात शिवणकाम. कागदावर वीस मशिनं, खोलीत तीन. तपासणीच्या दिवशी दुपारी टेम्पोतून सतरा मशिनं उतरली. तपासणीचे साहेब रांगेतून फिरता फिरता एका मशीनपाशी थांबले. त्याच्या पायाला निळी सुतळी बांधलेली होती.

"ही सुतळी सकाळी देवळ्याच्या सेंटरवर पाहिली मी."

हेडच्या तोंडचं पाणी पळालं. साहेब हसले. "मी गाडीने आलो, तरी मशीन माझ्या आधी पोचलं! व्यवस्था चांगली आहे हो तुमची."

शेऱ्यातही तेच लिहून गेले. 'व्यवस्था चांगली.'

परीक्षेचं तर विचारूच नका. प्रश्न मुळात इंग्रजीत, मराठी कॉम्प्युटरने केलेलं. अर्थिंगचं झालं होतं 'पृथ्वी बनवणे'! सायखेड्याचा गणेश, निम्म्या गावाची वायरिंग करून दिलेला पोरगा, त्यात नापास. बाहेर येऊन मला म्हणाला, "सर, पृथ्वी बनवायचं तुम्ही शिकवलंच नाय ना!"

मला हसू आलं आणि त्याचा चेहरा बघून तिथंच विरलं. फेरतपासणीसाठी मी तीन अर्ज केले. एकाचंही उत्तर नाही.

सुरेखा पास झाली. नेमणूक एका कंपनीत, 'इलेक्ट्रिकल टेक्निशियन' म्हणून. पहिल्याच दिवशी हातात खराटा दिला. तिने सुपरवायझरसमोर सर्टिफिकेट धरलं. त्याने ते नीट वाचलं आणि म्हणाला, "लॅमिनेट करून घे, पावसात भिजेल."

चौथ्या दिवशी तिने ते काम सोडलं. आमच्या रेकॉर्डला ती अजून टेक्निशियनच आहे.

आणि सविता. सुरगाण्याकडची. हात इतका सफाईचा की मी तिच्याकडून बाकीच्यांना शिकवून घ्यायचो. श्रावणात गावी गेली, ताप आला, दवाखाना गाठेपर्यंत संपली. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, नाव कमी करा. हेड म्हणाले, "राहू द्या हो सर. बॅच पूर्ण दिसली पाहिजे." मी टेबलावर हात आपटला, आरडाओरडा केला. नाव राहिलंच.

दिवाळीनंतर तिचे वडील सेंटरवर आले. पायात धुळीने माखलेल्या चपला, त्या दारातच काढल्या. मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, हे वाचा बरं. शाळेच्या गुरुजींनी वाचलं, पण आमाला खरं वाटंना."

मेसेज सरकारी योजनेचा, इंग्रजीत होता. सविताचं अभिनंदन. तिला नाशिकमध्ये एका कंपनीत नोकरी लागली होती.

मी मराठीत वाचून दाखवला. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मी सांगलं तिच्या आईला, असं नसतं. आपल्या हातानं माती दिली आपण. पण ती आयकना. म्हणं, सरकारचा मेसेज हाय, येकदा जाऊन बघून तर या."

मग त्यांनी हळूच विचारलं, "ती कंपनी लांब हाय का, सर?"