आमच्या साडूंचे मास्तर

आमच्या साडूंइतका कानाचा हट्टी माणूस सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत दुसरा झाला नाही, आणि झाला असलाच तर त्याच्या घरच्यांनी तो लाजेकाजेस्तव दडवून ठेवला असावा. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार उंब्रजच्या अलीकडच्या एका गावात, जमीन उसाची, उमेदीची वर्षं लष्करात वायरलेस दुरुस्त करण्यात गेलेली. अशा माणसानं पेन्शन घेऊन गावी यावं, भावकीशी बांधावरून भांडावं, सोसायटीच्या निवडणुकीत एकदा सडकून पडावं आणि मग सुखानं म्हातारं व्हावं, ही आमच्याकडची रीत. साडूंनी यातलं काहीच केलं नाही. ते एका गिटारवाल्याच्या नादी लागले.

हा गिटारवाला मिरजेचा. सगळे त्यांना नुसतं मास्तर म्हणतात. घराणं सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांचं, पण यांनी तरुणपणी भोपळे सोडून विजेवरची गिटार गळ्यात अडकवली, केस खांद्यापर्यंत वाढवले आणि आमच्याकडच्या यात्रांना रॉक नावाची चीज पहिल्यांदा ऐकवली. फलकावर ‘रॉकचा बादशहा’ लिहिलेलं असे, गावकरी ‘राक’ म्हणत. होळी झाली की मास्तरांचा ऑर्केस्ट्रा जो फिरायला लागे तो पाऊस तोंडावर येईपर्यंत. आज शिराळ्याच्या बाजूला, उद्या कऱ्हाडच्या खाली, परवा थेट शिरवळ. आधी गायक-गायिका सिनेमाची गाणी म्हणत, पण माणसं थांबत ती शेवटच्या तुकड्यासाठी. तेव्हा बाकीचे मागं सरत आणि मास्तर एकटे पुढं येऊन स्वतः बांधलेली एक धून वाजवत. त्यांनी तिला नाव दिलं नव्हतं, लोकांनीच ‘खंबाटकी’ ठेवलं, कारण ती घाटासारखी चढतच जाते. माथ्यावर पोचल्यावर मास्तर एक तार बोटानं ओढून धरत, सूर रडवेला होऊन तिथंच लोंबकळत राही, आणि मग एकदम उतार लागे. मला स्वतःला तो आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा वाटायचा. एकदा साडूंना मी तसं बोलून गेलो, तेव्हापासून वर्षभर त्यांच्या घरी मला मधुमेह नसताना बिनसाखरेचा चहा मिळाला.

मास्तर उभे राहून वाजवतात म्हणून साडू कधी बसून ऐकत नसत. “त्यांनी उभ्यानं राबायचं आन आपुन सतरंजीवर पाय पसरायचं, ही कुठली रीत?” असा त्यांचा सवाल. त्यामुळे त्यांच्याबरोबर गेलेल्या माणसाला, म्हणजे बहुधा मला, स्पीकरच्या भिंतीशेजारी तीन-तीन तास उभं राहावं लागे. लष्करी इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट आणि हाताची घडी. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा चैत्र-वैशाखातला एकेक मुहूर्त त्यांनी नाकारला. व्याह्यांना सांगितलं, ग्रह बरे नाहीत. ग्रह चांगलेच होते, मास्तरांचे कार्यक्रम लागलेले होते. लग्न मार्गशीर्षात झालं. अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, मांडवात बायकोच्या कानाशी म्हणाली, “मिरजंची सवत तेवढी नांदत न्हाई घरात, बाकी सगळा संसार तिचाच हाय.” हे सांगताना ती हसली, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

आमच्याकडे यात्रेत दुपारी कुस्त्यांचं मैदान आणि संध्याकाळी त्याच जागी ऑर्केस्ट्रा. त्यामुळे असेल, पण मास्तरांचे चाहते गिटारीलाही कुस्तीचाच न्याय लावत. ती वरची तार सुटेपर्यंत मास्तरांनी मैदान मारलं की नाही, यावर परतताना जीपमध्ये आणि पुढं आठवडाभर पारावर निवाडा चाले. साडू त्यातले पंच. “पेठंला निकाली झाली. शिराळ्याला मात्र बरोबरीत सोडवली, मास्तर माथ्यावर जाऊन घुटमाळलं,” असं ते सांगत, आणि मग कोणीतरी शिराळ्याचा माणूस चवताळून उठे. त्यांचा एक सिद्धान्त होता. मास्तर कधीच दोनदा सारखं वाजवत नाहीत. समोर माणसं कशी आहेत, हवा कशी आहे, कुस्त्या कशा झाल्या, यावर ती तार किती रडणार ते ठरतं. या सिद्धान्तावर त्यांचं सगळं आयुष्य उभं होतं असं म्हटलं तरी चालेल.

पुढं घरोघर मोबाइल आले आणि साडूंनी चाहत्यांचा एक ग्रुप काढला. भांडणांना तिथं ऊतच आला. त्यात शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर असलेला एक तरुण होता. मास्तरांवर त्याचंही प्रेम होतं, पण ते आजकालचं, पुरावा मागणारं. त्यानं एके दिवशी दोन गावांतली खंबाटकीची रेकॉर्डिंग एकावर एक ठेवून ग्रुपवर टाकली. केसभराचाही फरक नव्हता. तार जिथं ओढली तिथंच ओढलेली, जिथं सोडली तिथंच सोडलेली. खाली त्यानं लिहिलं होतं, “काका, मास्तर आता वाजवत न्हाईत. लॅपटॉप वाजतोय आन मास्तर नुसतं हात हलवत्यात. वाईट मला बी वाटतंय.” ग्रुप दुभंगला. साडूंनी त्याला उत्तर म्हणून एवढंच पाठवलं, “बाळ, ज्याच्या हाताला सवय लागली त्येचा हात चुकत न्हाई.” म्हणजे स्वतःचाच सिद्धान्त त्यांनी स्वतः मोडला, आणि हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. माझ्या आलं होतं. मी गप्प बसलो, कारण मला साखरेचा चहा नुकताच सुरू झाला होता.

त्याच साली त्यांच्या गावच्या यात्रेला पोरांनी डीजे मागितला. यात्रा कमिटीत साडू होते. ते एकटे सगळ्यांशी भांडले आणि मास्तरांनाच आणायचं ठरवून घेतलं. पोरांच्या पुढाऱ्यानं भर बैठकीत विचारलं, “आवं, पर त्ये खरं वाजवत्यात का? का आमी लॅपटॉपला हार घालायचा?” साडू उठून म्हणाले, “मास्तर खोटं निघालं तर मी ह्या कमिटीत बसणार न्हाई, आन गावात परत कुटल्या गोष्टीत तोंड घालणार न्हाई.” शिरवळच्या सुपरवायझरला त्यांनी खास आमंत्रण धाडलं. ये आणि समोर बसून बघ.

कार्यक्रम दिवेलागणीला सुरू झाला. दहाच्या आत सगळं आटपायचं, असं पोलिसांनी बजावलेलं होतं. साडू कमिटीचे म्हणून स्टेजच्या बाजूला, जिथं सगळ्या वायरी येऊन मिळतात तिथं उभे. मी त्यांच्यामागं. इथं एक सांगायला हवं. त्या गावात मोटरचा स्टार्टर बिघडो, मिक्सर जळो की देवळातला माइक बंद पडो, माणसं साडूंकडे येत. पैसा ते घेत नसत, मान तेवढा घेत. “डोळं बांधा, नुस्त्या बोटानं सांगीन कंची वायर कुटनं कुटं जाती,” हे त्यांच्या तोंडचं वाक्य, आणि ते खरं होतं, मी पाहिलेलं आहे.

खंबाटकी सुरू झाली. सुपरवायझर पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसला होता. त्याच्या तोंडावर ते ओळखीचं, दुःखी, शहाणं हसू. साडूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग खाली वाकले आणि लॅपटॉपमधून आवाजाच्या मिक्सरला गेलेली वायर शांतपणे काढून घेतली. लॅपटॉपचा आवाज बंद, तरी गिटार वाजतेय, हे त्या पोराला आणि साऱ्या गावाला एकदाच ऐकवायचं होतं त्यांना. याहून साधा पुरावा नव्हता. त्यांच्या मनात शंका असती तर त्यांनी त्या वायरीला बोटही लावलं नसतं.

गिटार गेली. ड्रमवाला बिचारा गोंधळून बडवत राहिला, आणि पुढं मास्तर डोळे मिटून, मान मागं टाकून, आवाज नसलेली तार ओढत होते. किती वेळ ते मी सांगू शकत नाही, पण मला फार वाटला. मग मी पाहिलं की साडू पुन्हा वाकले. मास्तरांच्या गिटारीची वायर जिथं खोचलेली होती तिथून त्यांनी ती हिसकली, आणि ती हातात उंच धरून दिव्यांच्या झोतात स्टेजवर गेले. सूर आधी गेला होता आणि ही वायर मागून निघाली, हे समोरच्यांना कळायचं कारण नव्हतं. साडूंनी माइक घेतला. “मंडळी, माफी असावी. माजा पाय अडाकला. मास्तरांची वायर माज्याच हातनं निघाली. चूक माजी हाय.”

मैदानात आधी हशा आणि मग शिट्ट्या. पोरांना आयतंच सापडलं. मास्तरांनी डोळे उघडले, हातात वायर धरून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि माझी खात्री आहे की त्यांना सगळं कळलं. आता तरी हा माणूस दोन चांगले शब्द बोलेल असं मला वाटलं. मास्तर माइकवर म्हणाले, “असल्या अडाणी माणसांना विजेजवळ उभं करत जाऊ नका. कलाकाराचा अपमान होतो.” साडूंनी सर्वांसमोर त्यांना हात जोडले आणि खाली उतरले. मला त्या क्षणी मास्तरांची जी चीड आली ती आजही उतरलेली नाही. कला मोठी असेल, माणूस फार लहान निघाला.

सुपरवायझर जाताना साडूंजवळ आला. “काका, एवढ्या लांबनं आलो हुतो. तुमी आमचा निकालच बुडीवला.” जे मास्तरांच्या बाजूचे होते ते म्हणाले, सगळ्यात भारी खंबाटकी या म्हाताऱ्यानं घालवली. दोन्ही पक्षांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि साडूंना त्यांनीच काढलेल्या ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं. कमिटीतून ते स्वतःच बाहेर पडले. मास्तर चारचौघांत खोटे ठरले नव्हते, तरी साडू बाहेर पडले, आणि का पडले ते कुणी विचारलं नाही. पुढच्या यात्रेला डीजे आला. स्टार्टर आता उंब्रजला न्यायला लागले लोक. पारावर कुणीतरी म्हणालंच, “काकांस्नी वायर कळंना झालीया, वय झालं.” बोटांना वायर ओळखता येते एवढीच ज्या माणसाची मिरास, त्याला हे ऐकत पारावरून जावं लागे.

कार्यक्रमाच्या रात्री घरी चालताना मी म्हणालो होतो, “दाजी, तुम्ही आधी लॅपटॉपची काढली. मी बघितलंय.”

“तुमास्नी काय कळतंय वायरीतलं, पावणं,” ते म्हणाले. बरंच अंतर गेल्यावर आपणहून बोलले. “करंगळी आन तिच्या शेजारचं बोट मिटल्यालं हाय त्यांचं. उघडतच न्हाई. तारंपतूर पोचतच न्हाई. मी जवळनं बघितलं.” मग पुन्हा थोडं चालून, “मला सांगितलं असतं तर मी काय ऐकायचं सोडलं असतं व्हय? नुस्तं येऊन हुबं ऱ्हायलं असतं तरी ऐकलं असतं की मी.” हे कसं ऐकायचं असतं ते मी विचारलं नाही.

परवा कामानिमित्त मिरजेला गेलो होतो. वाद्यांच्या दुकानांच्या गल्लीत एका पायरीवर मास्तर उन्हाला बसलेले दिसले. केस कापलेले, डावा हात मांडीवर रुमालाखाली. माझं डोकं तापलंच. जवळ जाऊन मी साडूंचं नाव घेतलं, गाव सांगितलं, त्या दिवसाची आठवण करून दिली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. “यात्रा पुष्कळ झाल्या साहेब,” ते म्हणाले. “वायरीत पाय अडकणारं गावोगाव एक असतंच. नाव काय म्हणालात?” मी नाव पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. खरंच विसरले होते की विसरायचं ठरवलं होतं, मला सांगता येणार नाही. चार कडू शब्द तोंडाशी आले होते, ते त्या रुमालाकडे पाहून गिळले आणि मी निघालो.

संध्याकाळी साडूंना फोन केला. मिरजेला गेलो होतो, मास्तर भेटले, एवढं सांगितल्याबरोबर पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हा माणूस ते ऐकायलाही उभा राहिला होता.

“बरं हायती का?”

“बरे आहेत. तुमची चौकशी करत होते.”

“माजी?”

“हो. म्हणाले, त्या दिवशी त्यांनी मला सांभाळलं. त्यांना सांगा.”

मग साडूंनी हळूच, अक्काला ऐकू जाऊ नये अशा बेतानं विचारलं, “नाव घिऊन म्हणालं?”

“नाव घेऊन,” मी म्हणालो.