कबुतरांचा वैरी

पुंडलिकनगरात कबुतरांचा आमच्या वरच्या मजल्यावरच्या मामांएवढा मोठा वैरी आजवर झाला नाही आणि होणारही नाही. नात्याने ते माझे कोणीच नाहीत, पण अख्खी इमारत त्यांना मामाच म्हणते. सकाळी देवाचं नाव घेण्याआधी त्यांच्या तोंडी कबुतरांचा उद्धार. गॅलरीत ताट बडवणं, टॉवेल गरगरा फिरवणं, दोरीला जुन्या सीडी टांगणं, सगळं करून झालं. एकदा तर मामींची नवी साडी काठीला गुंडाळून त्यांनी बुजगावणं उभं केलं. कबुतरं त्यावर खुशाल बसली आणि मामींनी आठवडाभर अबोला धरला.

म्हणून गच्चीवर विष कालवलेली ज्वारी टाकायचा विषय अध्यक्षांनी इमारतीच्या बैठकीत काढला, तेव्हा सगळ्यांनी मामांकडेच पाहिलं. मामा उठले. "नाय जमायचं. दुश्मनी हाय आपली, व्हय. पण दाणा टाकून बोलवायचं आन् मारायचं, ही बेइमानी झाली." लोक हसले. मला मात्र रागच आला. रोज आमची झोप मोडणाऱ्याला आताच कुठून दया सुचली?

रविवारी सकाळी मामी धापा टाकत माझ्या दारात आल्या. "पोरी, गच्चीवर चल. ह्यांना बीपी हाय, आन् ऊन बघ किती. माझं ऐकंनात." अध्यक्षांनी गुपचूप ज्वारी टाकली होती. मामा एका हाताने झाडत होते, दुसऱ्याने टॉवेल फिरवत होते आणि वर थवा घिरट्या घालत होता. ते एका कोपऱ्यात वाकले की कबुतरं दुसऱ्या कोपऱ्यात उतरायला बघत. मामांचा चेहरा लालबुंद झाला होता, आवाज बसला होता. मी झाडू हिसकावून घेतला. "तुम्ही हाकला, मी झाडते." इतक्या घाईने मी माझं घरसुद्धा कधी झाडलेलं नाही.

सगळी ज्वारी सुपलीत भरली, तेव्हा टाकीमागे एक कबूतर मान टाकून बसलेलं दिसलं. मामांनी ते टॉवेलात घेतलं, बोटाने चोचीत पाणी सोडलं. पाणी बाहेर ओघळलं. "उशीर झाला रं मला," ते त्यालाच म्हणाले. थोड्या वेळाने टॉवेलातच त्याने जीव सोडला.

अध्यक्षांनी परत ज्वारीचं नाव काढलं नाही. पण मामांनीही त्या दिवसापासून हाकलणं सोडलं. आता सकाळी वरून काही वाजत नाही, झोप पुरी होते, आणि मला ते मुळीच आवडत नाही. परवा गच्चीवर कपडे काढायला गेले, तर मामा तिथेच बसले होते. मुद्दाम म्हटलं, "मामा, कबुतरं फार माजलीत."

"माजू दे पोरी," ते म्हणाले. "इतबार ठेवून येतात."

माझ्या धुतलेल्या चादरीवर दोन बसली होती. ती उडेपर्यंत मी थांबले, मग चादर खाली आणून परत भिजत घातली.