पेडगावचा याकूब नेमका कुठला?

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत न्हाईत. याकूबसोबत चार ठिकाणी हिंडलं की आपोआप पदरात पडतात. याकूब आमच्या पेडगावचा, नाटकं लिहितो. त्याचा पणजा आफ्रिकेतून निजामाच्या घोडदळात आला अन् इथंच राहिला. पणज्याचा रंग अन् कुरळे केस याकूबपर्यंत आले, घोडा तेवढा न्हाई आला! मी त्याची शेजारीण. नाटकात म्हातारी लागली की मला धरून नेतात.

* * *

परभणीच्या बसमध्ये कंडक्टरनं त्याला इंग्रजीत विचारलं, कुठं जायचं. याकूब म्हणला, "एक पेडगाव, अन् मावशीचं अर्धं."

कंडक्टरनं तिकिटं दिली अन् हळूच मला विचारलं, ह्यांना मराठी कुणी शिकवली?

मी म्हणलं, "त्याच्या बापानं. शाळेत मराठीचाच मास्तर होता. तुमीबी त्याच्याच वर्गात असायला पायजे होता."

* * *

देवगाव फाट्यावर भजी खायला थांबलो. एका गृहस्थानं याकूबच्या गळ्यात हात टाकून सेल्फी काढला. न विचारता, अर्थात. मग देश विचारला.

याकूब म्हणला, "परभणी तालुका."

गृहस्थानं लय विचार केला. म्हणला, "नाव ऐकल्यासारखं वाटायलंय."

* * *

मग याकूबनं नाट्यस्पर्धेसाठी पणज्यावरच नाटक लिहिलं. शेवटी पणजा म्हणतो, "मला इथंच पुरा." ते काम आपल्याला मिळावं, एवढंच याकूबनं मागितलं. जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं पोरानं.

दिग्दर्शक म्हणले, "तू या मातीतला वाटत न्हाईस रे. लोकांना पटणार न्हाई."

काम गेलं दिग्दर्शकाच्या मेव्हण्याला. मेव्हणा गोरापान. त्याला डोक्यापासून नखापर्यंत काळा रंगवायचं ठरलं. मीच विचारलं, रंगवल्यावर हा मातीतला होणार का? तर म्हणले, मावशी, ही कला असती, तुमाला न्हाई कळायची.

खरंय. मला रांगोळीपुरतंच कळतं.

* * *

स्पर्धेच्या दिवशी त्या रंगानं मेव्हण्याच्या तोंडावर पुरळ उठलं. डोळे सुजून बंद. दिग्दर्शक धावत याकूबकडं आले. तुझीच वाक्यं हायत, पाठ असतीलच, असं म्हणून त्याला पुढं ढकललं. पावडरसुद्धा लावायला वेळ न्हाई. याकूब होता तसा उभा राहिला. "मला इथंच पुरा" म्हणला तेव्हा मी म्हातारीच्या कामात बाजूलाच बसलेले, माझं वाक्य सोडून त्याचा हातच धरला.

* * *

निकाल लागला. लेखनाला काही न्हाई. अभिनयालाबी न्हाई. परीक्षक माईकवर म्हणले, "रंगभूषेचं पहिलं बक्षीस याकूबच्या नाटकाला. इतका खरा रंग आम्ही कधी पाहिला नव्हता."

आमचा मेकअपवाला खाली बघायला लागला. याकूबनंच जाऊन ढाल घेतली.

घरी त्याची आई फातिमाबी ओट्यावर तूर निवडत बसलेली. त्यानं ढाल दाखवली, कशाची मिळाली ते सांगितलं. तिनं सूप बाजूला सारलं, पोराचं तोंड हातात धरून इकडून तिकडून न्याहाळलं.

"मग इकडं आण," म्हणली. "हे काम माझं हाय."