लहान नाही, उपाशी

फोन शैलजाताईंच्या यजमानांचा, अशोकरावांचा होता. "नामदेव, तुझी ताई गेली रे..." एवढंच बोलले. मागे पाण्याच्या टँकरचा हॉर्न वाजत होता. दिल्लीच्या द्वारका भागातल्या नव्या सोसायटीत राहायला येऊन दोघांना वर्षही झालं नव्हतं.

शोकसभेत मत्स्य खात्यातले आमचे जुने साहेब म्हणाले, "बड़ी ज़िद्दी थीं." लोक हळूच हसले. मला हसू आलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी परभणीकडचा, घरातला पहिला पदवीधर. समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर, खात्यातल्या शास्त्रज्ञ शैलजाताईंबरोबर. कोकणातल्या एका खाडीच्या चिखलात उभं राहून त्यांनी मला लेप दाखवली. चपटी मासळी, दोन्ही डोळे एकाच बाजूला. तिची पिल्लं त्या उथळ चिखलातच, तिथले किडे खाऊन वाढतात. ताईंनी एकाच जाळ्यात आलेली, सारख्या आकाराची पिल्लं दोन टाक्यांत ठेवली होती. पाणी तेच. एका टाकीला पोटभर किडे, दुसरीला अर्धपोटी. हंगाम संपल्यावर दोन्हींतलं एकेक पिल्लू बरणीत घालून त्या दिल्लीला परतल्या. एक तळहाताएवढं, दुसरं जेमतेम करंगळीएवढं.

ऑफिसात माझं इंग्रजी ऐकून कुणीतरी म्हणालं, "गाँव का लड़का है, कितना बढ़ेगा?" ताईंनी फाइलीतून मानही वर केली नाही. "बढ़ेगा. पहले खाना तो खाने दो." आणि खरोखरच मला आर. के. पुरमच्या क्वार्टरवर जेवायला घेऊन गेल्या. एम.एस्सी. होईपर्यंत माझं रविवारचं पान तिथंच असे.

ते दिवस जिकडेतिकडे काहीतरी नवं उभं राहण्याचे होते. त्याच खाडीत भराव टाकून धक्का बांधायचा ठरला. बैठक गुडगावच्या एका काचेच्या ऑफिसात होती. कंपनीचा तरुण सल्लागार म्हणाला, "मॅडम, ये मछली तो होती ही छोटी है." ताईंनी शबनममधून दोन्ही बरण्या काढून टेबलावर ठेवल्या. "बेटा, छोटी नहीं है. भूखी है."

बाहेर आल्यावर साहेब गयावया करू लागले. चिखल गेला तर पिल्लं उपाशी राहतील, एवढं एक वाक्य तुमच्या रिपोर्टातून काढा, बाकी सगळं राहू द्या. ताई म्हणाल्या, "तेच वाक्य म्हणजे रिपोर्ट, साहेब. बाकी नुसते कागद."

वाक्य राहिलं. भरावही पडला. ताईंना त्यानंतर कुठल्याच बैठकीला बोलावलं नाही. बोलावलं नाही तरी त्या सांगत राहिल्या... लग्नात, बसस्टॉपवर, भाजीच्या रांगेत. ही ज़िद असेल तर असो. भरलेल्या ताटावर बसून उपाशी पिल्लाला जातीचंच खुजं ठरवणाऱ्यांना दुसरं काय उत्तर द्यायचं?

परवा द्वारकेला गेलो. अशोकराव चहा ठेवत होते. ओट्यावरच्या फळीवर, लोणच्याच्या शेजारी, त्या दोन बरण्या तशाच उभ्या होत्या.

"ह्यांचं काय करू रे? येणारे-जाणारे दचकतात."

मी करंगळीएवढ्या पिल्लाची बरणी पुसून पुढे सरकवली.

"दचकू द्या," म्हटलं.