अठरावा हात

देवीवर श्रद्धा आहे का, असं त्या काळात कोणी विचारलं तर मी चिडूनच म्हणायचो, "आहे, पण तिनं हात जरा कमी ठेवायला हवे होते." सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. ओझरच्या कारखान्यातली नकाशे काढायची चांगली नोकरी सोडून मी नाशकात घरी बसून मुलांसाठी चित्रकथा काढत होतो. मुंबईच्या प्रकाशकानं माझी दोन पुस्तकं साभार परत केली होती. तिसरं सप्तशृंगीदेवीचं होतं. हेही परत आलं तर मुकाट्यानं नोकरी शोधेन, असा शब्द मी बायकोला दिला होता आणि त्या बाईनं अर्ज लिहूनही ठेवला होता!

राक्षस काढायला मला भारी मजा यायची. सुळे, शिंगं, मिशा, काय वाटेल ते. पण अठरा हातांची देवी पानोपानी काढायची म्हणजे जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मी देवी एकदाच ट्रेसिंगच्या कागदावर काढली आणि तीच सगळीकडे गिरवली. एकवीस ठिकाणी एकच देवी. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

"पोस्टात टाकण्याआधी पानं आईच्या पायांशी ठेवून या," बायको म्हणाली. कुरकुरत मी वणीची एसटी धरली. गडाच्या पायऱ्यांवर अर्ध्यातच दम लागला, म्हणून एका कासारणीच्या दुकानापुढे बसलो. म्हातारी मोठी चौकस. "झोळीत काय हाय?" मी ऐटीत पान पुढे केलं. ती बांगड्या भरत असल्यासारखं एकेका हातावर बोट टेकवत गेली.

"सतरा."

"अठरा आहेत, मावशी."

"जल्म गेला माझा हात बघण्यात. सतराच हायेत. माळेचा हात कुठंय?"

मी मोजले. सतरा. तलवार, धनुष्य, गदा, सगळं जागच्या जागी. जपमाळेचा तेवढा हात मी गाळला होता. आणि माझ्या हुशारीमुळे तो एकवीस ठिकाणी गळला होता. पानं त्याच दिवशी टपालात पडायला हवी होती. अरे देवा! खरं सांगतो, तिशीतला बाप्या मी, भर पायऱ्यांवर रडलो.

"रडतो काय असा? शाई नाय का जवळ?"

होती. शाई, ब्रश, पांढरा रंग, सगळं झोळीत असायचंच. म्हातारीनं बांगड्यांच्या पेट्या सरकवून मला जागा केली. गिऱ्हाइकं आली तर म्हणे, "थांबा गं बायांनो, आईचा हात बसवायचा चाललाय." मी हात काढायचा, तिनं सगळे पुन्हा मोजायचे आणि "अठरा" म्हटल्यावरच पान उलटायचं. एकवीस वेळा. नंतर वर गेलो, तर आई मान कलती करून उभी. इतका वेळ ती खालची मोजणीच ऐकत होती, असं मला वाटलं आणि पुन्हा डोळे भरून आले.

वणीच्या पोस्टात पाकीट वेळेत पडलं. पुस्तक छापलं गेलं, मग पुढची मिळत गेली. तो अर्ज बायकोनं मसाल्याच्या डब्याखाली घातला, अजून तिथंच आहे. ती म्हणते, साक्षात देवीच भेटली. मी म्हणतो, देवी एवढं खेकसेल का? "तुमच्यावर खेकसेल," ती म्हणते.

दरवर्षी नव्या पुस्तकाची पानं आधी त्या दुकानात न्यायची, देव असो की राक्षस, म्हातारीकडून हात मोजून घ्यायचे, मग वर, असा माझा नेम झाला. आपलं काम दुसऱ्याच्या बोटाखाली निमूट द्यायचं, एवढंच मला शरण जाणं कळलंय. सात-आठ वर्षांनी एकदा गेलो, तर म्हातारी नव्हती. गादीवर तिची सून. मी झोळी सावरत पायरीवरच उभा राहिलो.

"झोळीवाले ना तुम्ही?" तिनं हात पुढे केला. "सासूबाई सांगून गेल्यात. आधी मोजायचं, मग वर सोडायचं."

मी पानं दिली. तिनं बोट टेकवलं आणि मोजायला सुरुवात केली.