दगडी चॅपलात हीटर बसला तेव्हा

आमच्या चॅपलासमोर सागाची मोठी झाडं आहेत. सकाळी पानं झाडून काढली का दुपारपर्यंत अंगण पुन्हा भरते. हीटरच्या किश्शांचं तसंच झालं आहे. रविवारची भक्ती सुटली का आम्ही बाया पायरीवर बसतो, अन् कोणीतरी म्हणतेच, "अवं, तो नागपूरचा इंजिनिअर आठवते का?" झालं! एक सांगून संपत नाई तर दुसरा तयार.

चाळीस वर्षं मी या चॅपलात झाडू मारते. शाळेचं तोंड पाह्यलं नाई. अक्षरं शिकली ती गीतांच्या पुस्तकातून, एकेका शब्दावर बोट ठेवून. पण डोळ्यासमोर घडलेलं मी विसरत नाई. अन् या हीटरपायी जे जे घडलं, त्यानं माह्या तोंडाचा आ अजून मिटला नाई!

*

आमचं गाव कुरखेड्याच्या पलीकडं, चहूकडून जंगल. चॅपल इंग्रजांच्या वेळचं, काळ्या दगडाचं, भिंती हातभर जाड. डिसेंबरात आत पाय ठेवला का थंडी टाचेतून शिरते अन् डोक्यातून निघते.

नाताळच्या पहाटे पहिलं गाणं सालोमीबाई उचलते. वय ऐंशीच्या वर. गाण्याचे शब्द पुस्तकातले, पण चाल तिच्या मायची. धानाचं रोवणं करताना बाया चिखलात वाकून गात, त्या चालीवर मायनं बसवलेली. दुसऱ्या कोणाले ती साधतच नाई. मी दोनदा उचलून पाह्यली, तर कुत्रे भुंकले.

त्या नाताळात सालोमीबाई गाण्याच्या मधातच आखडली अन् माह्या अंगावर कलंडली. हात धरून पाहते तर बर्फ! डॉक्टरनं तिच्या पोराले, प्रकाशले, चांगलंच बजावलं. प्रकाशनं तसंच पास्टरले सांगून टाकलं, "तिथी ऊब झाली तर आई येईन. नाई तर पुढच्या नाताळले मी तिले घरातून हलू देणार नाई."

"अन् गाणं?" पास्टरनं विचारलं.

"मोबाईलवर भरून घ्या."

सालोमीबाई खाटेवरून कडाडली, "मी मेल्यावर ऐकजा मोबाईल! जित्तेपणी मी तिथीच गाईन!"

म्हणून हीटर. नाई तर हौस कोणाले होती?

*

पह्यले आम्ही गोरसीचाच इलाज केला. गोरसी म्हणजे मातीची शेगडी, राखेत निखारे. जानेवारीच्या एका रविवारी पाच गोरस्या आत मांडल्या. मस्त ऊब! नेमके त्याच दिवशी जुन्या इमारतींच्या खात्याचे साहेब तपासणीले आले. दारातच थांबले. हातातली फाईल खाली पडली.

"आजी! धुरानं भिंत काळी होईल!"

"साहेब, ती काळीच आहे," मी म्हटलं.

"ही संरक्षित वास्तू आहे! इथं जाळ करता येत नाही!"

सालोमीबाई खालच्या दरीवरून, म्हणजे सतरंजीवरून, हळूच म्हणाली, "बापू, माहा बाप्तिस्मा इथीच झाला. या भिंतीसंगच मी म्हातारी झाली. मग मले काऊन संरक्षित नाई केलं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "हीटर बसवा, मी परवानगी आणतो. पण एक अट. भिंतीत एकही खिळा ठोकायचा नाही!"

गोरस्या मात्र आम्हालेच उचलून बाहेर न्याव्या लागल्या.

*

खिळ्यावरून आठवलं. साहेब दोन दिवस राह्यले अन् आतल्या एकेका वस्तूचा फोटो काढत गेले. दाराची कडी, खिडकीची काच, घंटेचा दोर. शेवटी घंटेजवळच्या कोपऱ्यात थांबले. भिंतीत एक जाड, गंजका खिळा. भिंग लावून पाह्यला. बोट फिरवलं.

"वा! हातानं घडवलेला दिसतो. बहुतेक बांधकामाच्या वेळचाच!" अन् नंबर टाकून वहीत लिहून घेतला.

तो खिळा मीच ठोकला होता, झाडू टांगायले! कुरखेड्याच्या बाजारातून आणलेला. खोटं राहून जाईन म्हणून मी कबूल केलं.

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वही उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाले, "आता फोटो वर पाठवला आहे, आजी. आता तो काढता येणार नाही."

"मग झाडू टांगू का?"

"अजिबात नाही! तो संरक्षित आहे!"

तेव्हापासून माहा झाडू जमिनीवर अन् खिळा आरामात!

*

मग नागपूरचा इंजिनिअर आला. थंडी मोजायले. कधी? मे महिन्यात!

बाहेर डांबर पाघळून राह्यलं होतं. डोक्याले दुपट्टा बांधलेला, शर्ट घामानं चिकटलेला, असा तो चॅपलात शिरला अन् म्हणाला, "आहाहा!" दगडी भिंतीले गाल लावून उभा राह्यला. मग म्हणाला, "आजी, पाच मिनिटं टेकतो," अन् बाकावर आडवा झाला. घोरायलेच लागला! मी दोनदा झाडून घेतलं तरी जाग नाई. चार वाजता उठला, बाकं मोजली, त्यांची लांबी-रुंदी लिहिली.

"लोक किती बसतात?"

"साठेक," मी म्हटलं.

कुठी बसतात, ते त्यानं विचारलं नाई. अन् मलेही सुचलं नाई.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. पास्टरनं वाचून दाखवला. "आत सुखद गारवा आहे. हीटरची गरज दिसत नाही."

पास्टर कपाळाले हात लावून पायरीवर बसले ते उठेचनात! सालोमीबाईनं विचारलं, "काय लिहिलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "त्याले म्हणा, नाताळले माह्या बाजूले येऊन झोप. मग विचारते सुखद काय ते."

पास्टरनं हेच वाक्य जसंच्या तसं पत्रात लिहून पाठवलं! आठ दिवसांत डिझाइन आलं.

*

डिझाइन खरंच हुशारीचं होतं. भिंतीले हात नाई, फरशीले हात नाई. बाकांच्या फळीखाली चपट्या पट्ट्या बसवायच्या, त्या तापणार. धानाची कापणी झाल्यावर मिस्त्री लागले. सगळं झालं अन् ट्रायलचा दिवस ठरला.

बटण दाबलं. पट्ट्या तापायले लागल्या. इंजिनिअरनं टाळी वाजवली. अन् तेवढ्यात मधल्या बाकाखालच्या, फुटक्या फरशीच्या भोकातून एक डोकं वर आलं. मग मान. मग चांगली पुरुषभर लांब धामण!

माय वो! जो तो बाकावर! इंजिनिअर तर उडी मारून पास्टरच्या उपदेशाच्या जागी चढला, अन् तिथून ओरडून राह्यला, "साप! साप! कोणीतरी काहीतरी करा!"

मी म्हटलं, "ओरडू नका वो, बिनविषाची आहे. दर हिवाळ्यात इथीच झोपते. तुम्ही तिले शिमग्याच्या आधीच उठवलं!"

धामण बिचारी इकडं तिकडं पाहून दारातून बाहेर गेली. इंजिनिअरले खाली उतरवायले चहा लागला.

या गडबडीत एक गोष्ट राहूनच गेली. हीटर चालू असताना कोणी आपल्या जागेवर बसून पाह्यलंच नाई.

*

अन् नाताळची पहाट आली.

बाहेर धुकं एवढं का सागाची झाडं दिसेनात. पहिल्या बाकावर खात्याचे साहेब अन् इंजिनिअर, मागं गावची माणसं. आम्ही बाया नेहमीसारख्या समोर, खाली दरीवर. आमच्या इथी बाया बाकावर बसत नाईत. कोणी मनाई केली असं नाई, पण माह्या सासूच्या आधीपासून तसंच आहे. प्रकाशनं आईले कडेवर आणून दरीच्या मधात ठेवलं.

हीटर सुरू झाले. थोड्या वेळात साहेबांनी मफलर काढला. मग स्वेटर काढला. इंजिनिअर खूश!

अन् आम्ही? खाली दगड, वर धुकं! सगळी ऊब बाकाखाली अन् आम्ही बाकाच्या पुढं! सालोमीबाईचे दात वाजायले लागले. बोटं निळी पडली. दारातून प्रकाशनं मले खूण केली, दोन मिनिटं पाहतो अन् उचलून नेतो.

इंजिनिअरले तेव्हा कुठं समजलं. त्याचा चेहरा उतरला. वाकून म्हणाला, "आजी, वर बाकावर या ना."

"नाई रे बापू," सालोमीबाई म्हणाली, "हे रोवण्याचं गाणं आहे. जमिनीले अंग लागल्याबिगर निघत नाई."

तेवढ्यात पास्टर उभे राह्यले. "प्रार्थना करू या. डोळे मिटा."

आमच्या पास्टरची प्रार्थना म्हणजे गावातल्या शेवटच्या बकरीपर्यंत जाते, अन् शेवटची ओळ ठरलेली, "प्रभू, तू येशीन तेव्हा आम्हा सगळ्यांले संगच वर घेऊन जा." मी एक डोळा किलकिला ठेवला होता, सालोमीबाईवर. पाहते तर ती बसल्या बसल्या मागं सरकून राह्यली. सरकत सरकत साहेबांच्या दोन पायांच्या मधात गेली. अन् अंगाचं मुटकुळं करून बाकाखाली शिरली!

साहेबांच्या मोज्याले काहीतरी लागलं. त्यांनी डोळे उघडले, खाली पाह्यलं, अन् किंचाळायले तोंड उघडलं. धामणच आठवली असंन! बाकाखालून सालोमीबाईनं ओठांवर बोट ठेवलं, "शू! प्रार्थना चालू आहे!"

मग तिच्या बाजूची रूथबाई सरकली. मग मी. मग सगळ्याच. ज्या बाकाखाली जागा दिसली तिथी एकेक म्हातारी! आता वर बसलेल्यांचे पाय कुठी राह्यतीन? म्हाताऱ्या माणसाले पाय कसा लावायचा? साहेब हळूच बाकावरून उतरले अन् बाकाच्या पाठीआड खाली मांडी घालून, मान वाकवून बसले. इंजिनिअर उतरला. मागची माणसंही तशीच बाकांआड उतरली. सगळं बिनआवाज. माह्या पाठीले तव्याजवळ बसल्यासारखी ऊब लागून राह्यली होती.

"आमेन," पास्टर म्हणाले अन् त्यांनी डोळे उघडले.

दरी रिकामी. बाकं रिकामी. दारात एकटा प्रकाश, तोंड उघडं टाकून उभा.

पास्टर पांढरे फटक पडले. दोन्ही हात आभाळाकडं वर गेले. "प्रभू," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांले घेऊन गेला? अन् मलेच ठेवलं?"

अन् पहिल्या बाकाखालून, रोवण्याच्या चालीवर, सालोमीबाईनं गाणं उचललं.