खाकी कव्हरं

ऑगस्टमध्ये आम्ही कायमचे परदेशी जाणार होतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून नवरा आणि मी तिथल्या दोन इंटरनॅशनल शाळा ताडून पाहत होतो. एकीत पोहण्याचा तलाव होता, दुसरीचे निकाल चांगले होते. खाली फरशीवर आमची नववीतली सई दर जूनसारखी वह्यांना खाकी कव्हरं घालत होती.

"सई, तुला कुठली आवडते गं?"

"तुम्ही ठरवा."

"समजूतदार आहे," नवरा म्हणाला. मुलं गप्प बसली की आपण त्याला समजूतदारपणा म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

"तिथे कव्हरं लागणार नाहीत," मी म्हटलं.

"या वह्या माझ्या नाहीत."

मी वाकून पाहिलं. लेबलवर मृण्मयीचं नाव होतं. पहिलीपासून दोघी एका बाकावर बसतात. कव्हरंही दरवर्षी एकत्र बसून घालतात.

"मग ती का नाही आली?"

"तिला रडू येतं," म्हणत सईने पुढची वही ओढली.

"तलाववालीच घेऊ या ना?" नवऱ्याने विचारलं. मी स्क्रीनकडे पाहिलं. वर्गाच्या प्रत्येक फोटोत मुलं हसत होती, आणि प्रत्येकाचं टेबल वेगळं होतं.